पानावरची बुरशी कुणाच्या बाजूची?

काटोलजवळ माझ्या मामाजींची संत्र्याची बाग आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "बाबू, एकदा येऊन पाहून जा. झाडं सारी काळी पडून राहिली. दोनदा बुरशीनाशक मारलं, काही फरक नाही."

रविवारी गेलो. चुलीवरच्या भिंतीला धूर बसावा तशी पानं काळी झालेली. फळांवरही तोच थर. मी एक पान तोडलं आणि ओल्या रुमालानं पुसलं. काळा थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि खालून हिरवंगार, धडधाकट पान निघालं. मामाजी पाहतच राहिले. "म्हणजे रोग पानात नाहीच काय?"

नाही. पानाला रोग झालेलाच नव्हता. पानावर बुरशी होती हे खरं, पण ती पानाला खात नव्हती. ती दुसऱ्याच कुणाच्या उष्ट्यावर जगत होती, आणि तो दुसरा कोण हे पाहायला पान फक्त उलटं करायचं होतं.

त्या दिवशी मामाजींना जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो आहे. आपल्याकडे बुरशीची ओळखच रोगाच्या नावानं होते: भुरी, तांबेरा, करपा, मर. त्यामुळे बुरशी दिसली की कृषी सेवा केंद्रात जायचं आणि बुरशीनाशक आणायचं, हे अंगवळणी पडलेलं आहे. पण शेतात किडींच्या आसपास राहणाऱ्या बुरशा आहेत आणि त्यांची किडींशी नाती फार वेगवेगळी आहेत. कुणी किडीचं उष्टं खाते, कुणाला कीड स्वतः पोसते, कुणी कीड मारते. हे नातं ओळखल्याशिवाय फवारणी केली तर कधी पैसे वाया जातात आणि कधी, त्याहून वाईट, आपल्याच बाजूनं लढणारी बुरशी आपल्या हातून मरते.

कोळशी: उष्ट्यावर जगणारी

नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि पलीकडे अमरावतीकडचं वरूड, मोर्शी हा आपला संत्रापट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या पट्ट्यात 'कोळशी' हा शब्द माहीत नाही असा बागायतदार सापडणार नाही. पण एकाच शब्दात आपण दोन जीव कोंबले आहेत: एक काळी माशी आणि दुसरी काळी बुरशी.

मामाजींनी पान उलटं केलं. खालच्या बाजूला मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके चिकटलेले होते. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाच्या अंगावर काटे आणि कडेला पांढरी मेणाची झालर. ही काळ्या माशीची पिल्लं. एका पानावर जिलबीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल मांडलेली अंडीही सापडली. अंडी अशी वेटोळ्यात घालायची या माशीची सवय आहे आणि तिची ती सगळ्यात सोपी खूण आहे. नावाला माशी असली तरी नात्यानं ती कपाशीवरच्या पांढऱ्या माशीची बहीण आणि मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातली. हे सगळे रस शोषणारे.

आता रस शोषणाऱ्या किडीची अडचण समजून घ्या. झाडाच्या ज्या नळ्यांमधून अन्न वाहतं त्या रसात साखर भरपूर असते, पण अंग वाढवायला लागणारे नत्राचे घटक फार थोडे. ते पुरेसे मिळवायचे तर किडीला खूप रस प्यावा लागतो. मग उरलेली साखर कुठे जाणार? ती मागच्या बाजूनं चिकट, गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकली जाते. काळी माशी बसते पानाच्या खालच्या बाजूला, म्हणून तिचे थेंब पडतात खालच्या फांदीवरच्या पानाच्या वरच्या बाजूला. कीड पानाखाली आणि काळेपणा पानावर, असं उलटं चित्र दिसतं ते यामुळे. झाडाखालचं गवतसुद्धा काळं पडतं. गवताला संत्र्याचा रोग कसा होईल? त्याच्यावर साखरेचा पाक सांडलेला असतो, एवढंच.

त्या पाकावर कॅप्नोडियम आणि तिच्या जातकुळीतल्या काळ्या बुरशा उगवतात. त्यांचे बीजाणू हवेत कायम असतातच, वाट पाहत असतात ती गोड पृष्ठभागाची. या बुरशा पानात मुळं घुसवत नाहीत, नुसत्या वर पसरतात. तरी नुकसान होतं, कारण पानावर काळा पडदा पडला की ऊन आत पोचत नाही, पान अन्न कमी तयार करतं, झाड अशक्त होतं आणि पुढचा बहार मार खातो. फळ काळं दिसलं की नागपूरच्या कळमना बाजारात भाव उतरतो, तो वेगळाच.

म्हणून मामाजींच्या दोन फवारण्या वाया गेल्या. बुरशीनाशकानं वरची बुरशी थोडी दबली असेल, पण खाली पाक गळतच होता. माशी आवरली तर पाक थांबतो, पाक थांबला की बुरशीला खायला राहत नाही आणि पुढच्या पावसात तो थर हळूहळू धुऊन जातो. कोळशीवरचा इलाज वरच्या काळ्या थरावर करायचा नसतो, पानाखालच्या पिल्लांवर करायचा असतो. तोही पिल्लं नुकतीच अंड्यातून निघालेली असताना, कारण नंतर त्यांच्या अंगावरचं कवच टणक होत जातं. काळी माशी नव्या, कोवळ्या पालवीवर अंडी घालते, म्हणून आंबिया (हिवाळा सरतानाचा) आणि मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) बहाराची पालवी फुटते तेव्हा पानं उलटी करून पाहत राहायचं. दाट लावलेल्या, सावलीच्या, पाणी आणि युरिया जास्त झालेल्या बागेत ही माशी जास्त माजते, हे अनुभवी बागायतदारांना ठाऊकच आहे.

ज्यांना कीड स्वतः पोसते

श्रावणाच्या सुमारास नागपूरच्या बाजारात भंडारा-गडचिरोलीकडून सात्या येतात. पांढऱ्या, लांब देठाच्या रानभाज्यांतल्या राण्याच त्या! भाव विचारला तर छाती दडपते, तरी लोक रांग लावून घेतात. या सात्या म्हणजे उधईच्या वारुळातून वर आलेली बुरशी. शास्त्रात तिच्या कुळाला टर्मिटोमायसिस म्हणतात.

उधई, म्हणजे वाळवी, ही आपल्या शेतातली मोठी कीड. गव्हाची मुळं खाते, संत्र्याच्या खोडावर मातीचे लेप चढवून साल कुरतडते. पण लाकूड पचवणं सोपं नाही. त्यातला लिग्निन नावाचा चिवट भाग फोडायचं काम तिनं बुरशीवर सोपवलं आहे. वारूळ बांधणाऱ्या कामकरी उधया वाळकं लाकूड, पालापाचोळा खातात आणि अर्धवट पचलेली विष्ठा वारुळाच्या आत रचून तिचे मेंदूच्या घड्यांसारखे दिसणारे पोळे बनवतात. त्यावर ही बुरशी वाढते, लाकूड फोडते, तिच्यावर बारीक पांढऱ्या गाठी येतात आणि उधया त्या गाठी व पिकलेलं पोळं खातात. म्हणजे ही चक्क शेती आहे, तणकाढणीसह: दुसरी कुठली बुरशी पोळ्यावर उगवू लागली तर उधया ती दाबून ठेवतात. वसाहत मेली की काही दिवसांतच त्या सोडलेल्या पोळ्यावर झायलेरिया नावाची काळी, काड्यांसारखी बुरशी फुटते. शेतकरी गेला आणि शेतात तण माजलं, तसंच. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. उधईची बुरशीशेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे.

सात्या कुणाला घरी पिकवता येत नाहीत त्याचं कारणही हेच. धिंगरी अळिंबी गव्हाच्या भुशावर येते, पण सातीला उधईची मशागत लागते. पाऊस पडून वारूळ भिजलं की पोळ्यातून ती जमीन फोडून वर येते, चार दिवस दिसते आणि जाते. एकाच वारुळातली कीड आपल्या खोडाचं नुकसान करते आणि तिनंच पोसलेली बुरशी आपण चवीनं खातो. मला ही गोष्ट दरवर्षी नव्यानं नवल वाटते.

काही किडी तर बुरशी पोटातच बाळगतात. पूर्व विदर्भातल्या धानावर येणारा तपकिरी तुडतुडा घ्या. त्याच्या अंगातल्या चरबीच्या पेशींत यीस्ट या एकपेशी बुरशीसारखे सूक्ष्म जीव राहतात. ते तुडतुड्याच्या शरीरातला टाकाऊ नत्र पुन्हा वापरात आणतात आणि धानाच्या रसात न मिळणारे घटक त्याला तयार करून देतात. मादी ते अंड्यातून पुढच्या पिढीला देते, आईच्या दुधासारखे. प्रयोगशाळेत उष्णता देऊन हे सोबती कमी केले तर तुडतुड्यांची वाढ खुंटते.

आणि कपाशी? बोंड उमलताना त्याच्यावर लाल ढेकूण जमतात, ते सरकीचा रस शोषतात. त्यांच्या सोंडेसोबत बुरशी बोंडात शिरू शकते, रुई आतून डागाळते, सडते. आपल्याकडे अशा डागाळलेल्या, घट्ट राहिलेल्या कापसाला कवडी म्हणतात. कवडी होण्याची कारणं अनेक आहेत, पाऊस हे त्यातलं मोठं, पण ढेकणाच्या सोंडेतून गेलेला जंतू हेही एक आहे. कपाशीच्या शास्त्रीय नावावरूनच जिचं नाव पडलं अशी एक बुरशी, एरेमोथेशियम गॉसिपाय, ढेकणासोबत अशीच बोंडात जाते. ती पिवळ्या रंगाचं जीवनसत्त्व बी-दोन इतकं भरपूर बनवते की कारखान्यांतून ते जीवनसत्त्व काढण्यासाठी तिला मुद्दाम वाढवतात. शेतात शत्रू, कारखान्यात कामकरी.

मारणारी

आता ज्या बुरशीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती.

२००८ साली विदर्भातल्या सोयाबीनवर तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा, शेतकऱ्यांच्या भाषेत स्पोडोप्टेराचा, प्रचंड उद्रेक झाला होता. शेतंच्या शेतं चाळणी झाली. त्यानंतरच राज्यात किडींवर आठवड्याच्या आठवड्याला नजर ठेवणारा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. त्या काळापासून सोयाबीनच्या शेतात गेलो की माझी एक सवय आहे: झाडाच्या शेंड्याकडे पाहायचं. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात, सलग झडीचे दिवस झाले की शेंड्याच्या पानाला धरून बसलेल्या मेलेल्या अळ्या दिसतात. हात लावला तर खडूसारख्या कडक. आधी पांढऱ्या, मग दोन-तीन दिवसांत पोपटी हिरव्या, जणू अंगाला रंगाची पूड फासली आहे. ही करणी मेटारायझियम रायलेई या बुरशीची. जुनी नावं वापरणारे तिला नोमुरिया म्हणतात.

अळी शेंड्यावर का चढते? आजारी अळीचं वागणंच बदलतं. नेहमी खालच्या पानाआड लपणारी अळी वर उघड्यावर येऊन मरते आणि तिच्या अंगावरचे बीजाणू वाऱ्यावर, खालच्या पानांवर, खालच्या अळ्यांवर पडतात. बुरशीच्या सोयीची जागा अळी स्वतःच्या पायांनी गाठते.

इथे एक गफलत होते म्हणून सांगतो. विषाणूनं, म्हणजे एनपीव्हीनं, मेलेली अळीही शेंड्यावर सापडते. पण ती पायांनी लटकून उलटी लोंबते, मऊ पडते, हात लावला की फुटून पाणी वाहतं. बुरशीनं मेलेली अळी कडक असते, फुटत नाही. दोन्ही आपल्या फायद्याच्याच आहेत, पण ओळख पक्की हवी.

बुरशी कीड मारते कशी, ते पायरीपायरीनं पाहू, कारण तिची ताकद आणि तिची दुबळी जागा दोन्ही यातच आहेत. बीजाणू हा डोळ्याला न दिसणारा कण. तो किडीच्या अंगावर पडतो आणि चिकटतो. हवेत ओलावा भरपूर असेल तर काही तासांत त्याला कोंब फुटतो. कोंबाचं टोक फुगून किडीच्या कातडीवर घट्ट बसतं. तिथून बुरशी दोन हत्यारं वापरते: वरून दाब आणि खालून रसायन. कातडीतली मेणं, प्रथिनं, कायटिन विरघळवणारी विकरं सोडत ती भोक पाडते आणि आत शिरते. आत किडीचं रक्त वाहत असतं. त्यात बुरशीचे बारीक तुकडे वाढत, पसरत जातात, किडीचं अन्न खातात, काही जाती विषारी द्रव्यंही सोडतात. किडीचं खाणं मंदावतं आणि साधारण चार ते दहा दिवसांत ती मरते. मेल्यावर हवा दमट असेल तर बुरशी कातडी फोडून बाहेर येते आणि अंगभर बीजाणू धरते. ब्यूव्हेरिया या दुसऱ्या एका बुरशीचे पांढरे, मेटारायझियमचे हिरवे.

यातली मोलाची गोष्ट ही की किडीला बुरशी खावी लागत नाही. एनपीव्ही किंवा बीटी जिवाणू पानासोबत पोटात गेला तरच काम करतो. रस शोषणारी कीड पान खातच नाही, त्यामुळे पानावरचं पोटविष तिच्या तोंडापर्यंत जात नाही. बुरशी मात्र कातडीतून शिरते. म्हणून मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, काळी माशी यांच्यासाठी ती कामाची. बाजारात 'व्हर्टिसिलियम लेकॅनी' नावानं मिळते ती बुरशी याच किडींसाठी आहे. शास्त्रज्ञांनी तिचं नाव पुढे लेकॅनिसिलियम केलं, पाकिटावर बहुधा जुनंच राहिलं आहे.

गुलाबी बोंडअळीवर मात्र या बुरशीची भिस्त ठेवू नका. अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते आणि तिच्यामागे भोकही बुजून जातं. अंगावर बीजाणू पडायला ती बाहेर सापडली तर पाहिजे.

हे ज्ञान नवं नाही. १८३५ साली इटलीत अगोस्तीनो बासी यांनी दाखवून दिलं की रेशमाचे किडे चुना फासल्यासारखे पांढरे होऊन मरतात ते एका बुरशीमुळे. सूक्ष्म जीव प्राण्याला रोग देतो हे पाश्चर यांच्या कितीतरी आधी सिद्ध झालं ते या किड्यांवर. त्या बुरशीला बासींचंच नाव मिळालं: ब्यूव्हेरिया बॅसियाना. पुढे १८७९ साली ओडेसात इल्या मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हिरवी बुरशी, मेटारायझियम, अभ्यासली आणि ती वाढवून शेतात वापरता येईल असा विचार मांडला. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८चं नोबेल मिळवणारे मेचनिकॉफ ते हेच.

बासींच्या गोष्टीतून एक सावधगिरी आपसूक निघते. ज्यांच्याकडे तुतीवरचे रेशीमकिडे आहेत, किंवा भंडारा-गडचिरोलीत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे आहेत, त्यांनी आसपास ब्यूव्हेरिया फवारू नये. रेशमाचा किडाही शेवटी अळीच आहे.

मेटारायझियमबद्दल एक शोध मला फार आवडतो. ही बुरशी जमिनीत राहते, झाडाच्या मुळांवर आणि मुळांतही वस्ती करते. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी खूण केलेला नत्र किड्याच्या अळ्यांत घातला, आणि बुरशीनं त्या अळ्या मारल्यावर तोच नत्र घेवड्याच्या झाडात सापडला. बुरशी जमिनीतली कीड मारते आणि तिच्यातला नत्र झाडाला पोचवते. पुढच्या अभ्यासांत दिसलं की झाडही तिला बदल्यात साखर देतं. शेणखतात ही बुरशी मिसळून जमिनीत देण्याची शिफारस हुमणीसाठी (मुळं खाणाऱ्या जमिनीतल्या अळीसाठी) होते, तेव्हा आपण याच जुन्या सोयरिकीला हात देत असतो.

नागपूरच्या उन्हात

मामाजींनी हे सारं ऐकून सरळ प्रश्न केला, "मग पाकीट आणतो न् मारतो काय उद्याच?"

उद्या चाललं असतं, कारण जुलै होता. मे असता तर मी नको म्हटलं असतं. या बुरशा २५ ते ३० अंशांच्या आसपास खुशीत असतात. ३५च्या वर त्यांची वाढ जवळजवळ थांबते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. शिवाय थेट उन्हातल्या अतिनील किरणांनी पानावरचे बहुतेक बीजाणू काही तासांतच निकामी होतात. आणि कोंब फुटायला पहिली रात्र दमट लागते. म्हणून विदर्भात या बुरशांचा खरा हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे दिवस. आंबिया बहाराच्या पालवीवर काळी माशी येते तेव्हा पुढे उन्हाळा लागत असतो. तिथे मी निंबोळी अर्कावर जास्त भरवसा ठेवीन आणि बुरशी मृगाच्या पालवीसाठी राखून ठेवीन.

फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पंपाचं नोझल खालून वर, कारण कीड पानाखाली आहे आणि बुरशी झाडात भिनत नाही. ज्या किडीच्या अंगावर बीजाणू पडला तीच मरेल. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि जिवंत बीजाणूंची संख्या छापलेली असते, ती वाचा. साधारणपणे एका ग्रॅममध्ये १० कोटी असा आकडा असतो. पण ते पाकीट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलं असेल तर छापलेल्या आकड्याला अर्थ नाही. आतला माल जिवंत आहे. तो दुधासारखा सांभाळावा लागतो, सिमेंटच्या पोत्यासारखा नाही. बऱ्याच वेळा 'जैविक औषध काम करत नाही' अशी तक्रार येते तेव्हा बुरशी शेतात पोचायच्या आधीच मेलेली असते.

आणि धीर हवा. रासायनिक औषधानं संध्याकाळी मारलं तर सकाळी किडी पडलेल्या दिसतात. इथे आठवडा जातो. अळ्यांची संख्या हाताबाहेर गेल्यावर बुरशी वापरणं चुकीचं, ती सुरुवातीलाच द्यायची असते. शिवाय अळीनं लगेच कात टाकली तर अंगावरचे बीजाणू कातीसोबत निघून जातात, म्हणून एका फवारणीवर निकाल लावू नये.

इतका खटाटोप का करायचा, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ती माणसं आपल्याच भागातली होती. या बुरशा किडीच्या कातडीसाठी घडलेल्या आहेत, ३७ अंशांचं माणसाचं शरीर त्यांना मानवत नाही. तोंडाला रुमाल, हातमोजे तरीही घालायचेच, कारण पूड श्वासात गेली तर कुणाला ऍलर्जी होऊ शकते. पण पंप पाठीवर घेतलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी येणं ही माझ्या लेखी साधी गोष्ट नाही.

शेतात बुरशी आहे की नाही हे घरी तपासता येतं. झाकणाच्या स्वच्छ डबीत टिपकागद ओला करून ठेवा, त्यावर शेतातली मेलेली, कडक झालेली अळी ठेवा, झाकण लावून सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत अंगभर एकसारखा पांढरा कापूस, मग हिरवी पूड दिसली तर बहुधा तीच. अळी काळी पडून सडली, वास आला, तर कारण दुसरं. शंका राहिली तर डबी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. आपल्या नागपुरात तर वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. एवढं शहाणपण दाराशी असताना नुसत्या दुकानदाराच्या सल्ल्यावर का राहायचं?

आता मामाजींच्या बुरशीनाशकाकडे परत येतो, कारण त्यांचं नुकसान दोन फवारण्यांच्या पैशांपुरतं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडात संत्रावर्गीय बागांवर पांढऱ्या माशीचा उपद्रव होता. तिथल्या पानांवर लालसर पुटकुळ्यांसारखी ॲशरसोनिया नावाची बुरशी माशीच्या पिल्लांना मारत असे. बागायतदार तिला 'मित्र बुरशी' म्हणत, ती असलेली पानं पाण्यात कालवून दुसऱ्या बागेत फवारत. पुढे दिसून आलं की ज्या बागांत रोगासाठी तांब्याचं औषध, बोर्डो मिश्रण, फवारलं जाई तिथे या मित्र बुरशा कमी होत आणि खवले किडी वाढत. अमेरिकेतल्याच सोयाबीनमध्येही बुरशीनाशक मारलेल्या शेतात अळ्यांवरची मेटारायझियम रायलेई मागे पडली आणि अळ्या वाढल्या, असं नोंदलं गेलं. बुरशीनाशकाला शत्रू-मित्र कळत नाही.

आपल्या बागेत डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, तांब्याचं औषध लागतंच, ते सोडा असं मी कधी म्हणणार नाही. डिंक्यानं झाड जातं. पण ते कुठे आणि कधी द्यायचं हे आपल्या हातात आहे. बोर्डो पेस्ट खोडाला ब्रशनं लावली तर पानाखालच्या बुरशीला तिचा त्रास नाही. आलेल्या प्रत्येक काळ्या डागावर झाडभर कॉपर फवारलं तर आहे. मित्र बुरशी आणि बुरशीनाशक एका टाकीत कधीच मिसळायचे नाहीत, दोन्हींत आठ-पंधरा दिवसांचं अंतर ठेवायचं, आणि पंप आधी नीट धुवायचा, टाकीच्या तळाशी राहिलेलं औषधही पुरेसं घातक असतं.

मामाजींनी त्या हंगामात पेस्ट ब्रशनं लावली, झाडभर कॉपर मारलं नाही. दाट फांद्या विरळ केल्या, नव्या पालवीखाली पिल्लं दिसली तेव्हा झडीच्या दिवसांत संध्याकाळी दोनदा लेकॅनिसिलियम दिलं. सप्टेंबरात त्यांनी फोनवर सांगितलं की नव्या पानांवर काळं कमी आहे, जुन्या पानांवर अजून आहे, आणि पाच-सहा पानांखाली पिल्लांवर पांढरं सूत धरलेलं दिसतं. "ती पानं तोडू काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, झाडावरच राहू द्या.